ऐनवेळचे विषय

मनामा, अदलिया, हॉटेलचा दुसरा मजला.
आखाती आयरिश सॉलिसिटर मंडळाची वार्षिक सभा.
वेळ संध्याकाळी सहा.
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम.
मी इतिवृत्त लिहायला बसलोय. सभासद नाही.
सभेमागे पंधरा दिनार, वर जेवण.

लांज्याच्या पतपेढीत तात्या हेच करायचे :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे,
जमाखर्चास मंजुरी देणे,
आणि सगळ्यात खाली, मा. अध्यक्षांच्या परवानगीने,
ऐनवेळी येणारे विषय.
मला वाटायचं ही भाषा फक्त लांज्यात आहे.

पटावर पंचवीस. गणपूर्ती एक तृतीयांश,
म्हणजे आठ आणि थोडं, म्हणजे नऊ.
आलेत आठ.
दोघे दोह्याला सुनावणीत, एक बाळंतीण,
खोबरचा एकजण कॉजवेवरच्या गाड्यांत अडकलेला,
बाकीच्यांनी कळवलंच नाही.
अध्यक्ष क्वीवा हेफरनन घड्याळ बघते.
तिचं नाव लिहायला सात अक्षरं लागतात,
त्यातली बरीचशी गप्प बसतात.

साडेसहा. समोसे गार.
खजिनदार ब्रॉफी चष्मा कपाळावर चढवतो :
'पंचवीसात कॉलम धरलाय का?'

कॉलम डेवनी जूनमध्ये गेला,
सलमानियाच्या इस्पितळात,
दोन वर्षांची वर्गणी थकवून.
चाळीस दिनार.

कॉलम वजा केला तर चोवीस.
चोवीसचे तृतीयांश आठ.
आठजण इथे बसलेत.

कुणीतरी उगाच पाणी ओततं.
मग म्हातारा टूही, सगळा जन्म करारनाम्यांत गेलेला, हळूच म्हणतो,
'नियम अकरा. नाव वगळायचं ते सभेच्या ठरावानेच.'
आणि सभेला गणपूर्ती हवी.
आणि गणपूर्तीसाठी कॉलम वगळायला हवा.

पाऊण तास वाद.
मेलेला माणूस सभासद असतो का?
नसेल तर बाकी कुणाच्या नावावर दाखवू, ब्रॉफी विचारतो,
बाकी आहे म्हणजे माणूस आहे.
मागून एकजण फिसकन हसला :
जिवंतपणी तरी दुसरं काय करायचा,
प्रत्येक ठरावाला हरकत!
मग सगळेच हसले.
क्वीवाने हसता हसता नाक पुसलं
आणि बराच वेळ रुमाल खाली घेतला नाही.

मला कुणी विचारलं नाही.
फर्म बंद पडल्यावर दर शुक्रवारी
तो सित्र्याच्या कॅम्पात यायचा,
पत्र्याच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसून
थकलेल्या पगारांचे अर्ज लिहायचा.
मी हिंदीचं इंग्रजी करून द्यायचो.
अर्जाला शुल्क लागायचं. ते कोण भरत होतं,
ब्रॉफीच्या वहीत त्याला रकाना नाही.

तात्यांचा नियम माझ्या जिभेवर आला होता :
गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने
त्याच ठिकाणी घेण्यात येईल
व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.
पतपेढीच्या सगळ्या सभा अशाच व्हायच्या,
समोर चहा पिऊन सगळे परत आत.
यांच्या नियमावलीत हे कलम नाही.
सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी घातलं असतं.
गिळलं.
त्याचं नाव खोडायला आमचा लांजा कशाला?

'मिस्टर खोट, लिहून घ्या. तहकूब.'
इथे सगळ्यांना मी खोट.
वीस वर्षांत दुरुस्त केलं नाही.
एकटा कॉलम खोत म्हणायचा,
दाताला जीभ लावून, अगदी लांज्यातल्यासारखा.
त्याच्या आजोळच्या जुन्या भाषेत हा त आहे, म्हणाला होता,
बाकीच्यांनी शाळेत टाकून दिला.

ते खाली जेवायला गेले.
हजेरीच्या पानावर आठ सह्या.
नवव्या ओळीवर मी पेन टेकवला,
उचलला.
मग इतिवृत्तात लिहिलं : उपस्थित ८.
पटावर पंचवीस.
हे अक्षरी लिहिलं,
कुणाला खाडाखोड करता येऊ नये म्हणून.